हिमयुगातून परत येताना

गाठ साधी निघाली. रिपोर्ट आला त्या दिवशी घरातली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. जावई म्हणाला, मी आधीपासून सांगत होतो. लेक म्हणाली, तू काही सांगत नव्हतास, नखं खात होतास. नात म्हणाली, आता आइस्क्रीम. बोलली नाही ती फक्त जिच्या घशात गाठ होती ती. तारांगणातल्या बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर नातीची पाटी. त्यांनी खडूने लिहिलं, 'चहा टाका कोणीतरी', आणि पाटी उंच धरली.

एक मोठा श्वास सुटला होता. दुसरा अजून अडकलेला होता.

गाठ होती स्वरतंतूवर. डॉक्टरांनी ती काढली आणि बजावून सांगितलं, "जखम भरेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. कुजबुज तर बोलण्यापेक्षा वाईट."

"आवाज परत येईल ना?" लेकीने विचारलं.

"येईल, असं वाटतंय. पण तोच येईल का, ते बोलून बघितल्यावरच कळेल."

आणि बाईंचं सगळं आयुष्य त्या आवाजावर उभं होतं. वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. कांद्याच्या ढिगावर उभे राहून ते भाव पुकारायचे आणि तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या फाटकात ऐकू जायचा. बाईंना त्यांचं नाक मिळालं नाही, उंची मिळाली नाही. घसा तेवढा मिळाला. तारांगणात त्या गेल्या होत्या कारकुनाच्या जागेसाठी. मुलाखतीत एकाने माइक पुढे सरकवला, हा उतारा वाचा म्हणाला. त्यांनी वाचला. वाचून झाल्यावर कळलं की माइकची वायरच जोडलेली नव्हती. आठवड्याभरात त्यांना घुमटाखाली उभं करण्यात आलं, आणि तेव्हापासून त्या तिथेच उभ्या आहेत.

घुमटाच्या मधोमध एक काळं यंत्र आहे. दोन गोल डोकी, मधे बारीक कंबर, खाली लोखंडी पाय. लहान मुलं त्याला मुंगळा म्हणतात, आणि आता मोठेही म्हणतात. दिवे मालवले की या मुंगळ्याच्या अंगातल्या भोकाभोकांतून प्रकाश निघतो आणि घुमटभर तारे पसरतात. मुंगळा चालवतात मिस्त्री. ते आधी सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचे. अंधारात बसून दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे स्वतः बोलण्याची त्यांना सवय लागली नाही. बाई म्हणायच्या, "मिस्त्री महिन्याला जेवढं बोलतात तेवढं मी दात घासताना बोलते."

दोघांची काम करायची पद्धत कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. मिस्त्रींसमोर कागद नसायचा, घड्याळ नसायचं. ते बाईंच्या वाक्यांवर यंत्र चालवायचे. बाई म्हणाल्या, "संध्याकाळ झाली," की सूर्य बुडायचा. बाई म्हणाल्या, "आता थोडी झोप काढू," की रात्र भराभर सरकायची. बाईंना एखाद्या दिवशी शिंक आली आणि वाक्य लांबलं, तर सूर्य क्षितिजावर ताटकळत उभा राहायचा. नाटकात जशी एन्ट्री वाक्यावर घ्यायची असते तसंच. फक्त इथे एन्ट्री चंद्राची.

त्या दिवसांत खेळ चालू होता हिमयुगांचा. पृथ्वी काही काळाने गारठते, पुन्हा ऊबदार होते, पुन्हा गारठते, असं का, हे त्यात सांगायचं. यात बाईंचा हुकमाचा क्षण होता. मुंगळ्याला दिवसाच्या मोटरीखेरीज आणखी एक मोटर आहे. मिस्त्री तिला युगांची मोटर म्हणतात. ती चालू केली की आकाश हजारो वर्षं मागे जातं. आपला ध्रुवतारा उत्तरेवरून हळूहळू ढळतो, आणि शेवटी अभिजित, तो भला तेजस्वी तारा, ध्रुवाच्या जागेच्या आसपास येऊन बसतो. तेरा-चौदा हजार वर्षांपूर्वीचं आकाश. हिमयुग तेव्हा उतरणीला लागलेलं होतं. मग बाई म्हणायच्या, "चला, परत घरी," आणि मिस्त्रींचा हात बटणावर जायचा. युगांची मोटर परत यायला वेळ घ्यायची, तेवढ्यात बाई बोलून घ्यायच्या.

आता बाई गप्प. तारांगणाचे साहेब म्हणाले, "जुनं रेकॉर्डिंग असेल की कुठेतरी. लावू या. नाहीतरी पुढेमागे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'लोक प्रश्न विचारतात. टेपला विचारणार का?' पुसलं. पुन्हा लिहिलं, 'मिस्त्री बोलतील.'

मिस्त्रींनी पाटी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"मी?" ते म्हणाले.

'तुम्ही. सगळं पाठ आहे तुम्हाला.'

"पाठ आहे ते ऐकायला. बोलायला नाही."

बाईंनी सगळा खेळ मोठ्या अक्षरात लिहून दिला. लेक बाईंना घेऊन तो कागद पोचवायला आली तेव्हा मिस्त्रींना म्हणाली, "काका, जमेल हो तुम्हाला. आमच्याकडे बघा. मला जन्मात पहिल्यांदा घरात वाक्य पूर्ण करायला मिळतंय." बाईंनी पाटी तिच्या पाठीत हळूच मारली.

रविवारी दुपारी घुमट अर्ध्याहून जास्त भरला होता. बाई शेवटच्या रांगेत बसल्या. लेकीने त्यांच्या हातावर हात ठेवून वचन घेतलं होतं: काही झालं, अगदी काही झालं, तरी तोंड उघडायचं नाही. आवाज घालवून बसलीस तर मग बोलू नकोस मला. बाईंनी मान डोलावली. हे वाक्य किती वेडं आहे ते पाटीवर लिहायचा मोह त्यांनी आवरला.

दिवे गेले. माइकमधून एक खाकरणं आलं, मग बराच वेळ काही नाही, मग मिस्त्री. ते वाचत होते. लाल दिव्याखाली कागद, कागदाला नाक टेकलेलं. पण वाचत होते. बाईंची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बाईंना कसंतरीच झालं. आपली साडी शेजारणीच्या अंगावर बघावी तसं.

"बर्फ साठतं ते हिवाळ्याच्या जोरावर नाही," मिस्त्री वाचत होते. "हिवाळा इमानदार असतो, तो दरवर्षी बर्फ टाकतोच. उन्हाळा कामचुकार निघाला की गडबड होते. गेल्या वर्षीचं बर्फ वितळवायचं तो विसरतो. मग त्यावर नवं बसतं."

एक-दोघं हसले. मिस्त्री दचकले, पण वाचत राहिले. हसण्यासाठी थांबायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढचे शब्द हसण्यात बुडाले. तरी गाडी पुढे गेली. अभिजित ध्रुवाच्या जागी आला, लोकांनी माना वर केल्या, आणि मिस्त्रींनी ते वाक्य वाचलं.

"चला, परत घरी."

पुढचा परिच्छेद सुरू झाला. बाई आकाशाकडे बघत होत्या. आकाश जागच्या जागी होतं.

मिस्त्री वाचत राहिले. डोकं खाली, उजवा हात मांडीवर. पानं उलटली. आणि बाणाच्या आकाराचा प्रकाश त्यांनी सवयीने उत्तर दिशेच्या वर नेऊन ठेवला. "आणि हा आपला ध्रुवतारा. आज घरी गेल्यावर गच्चीवरून बघा."

बाण अभिजितवर होता.

"केवढा चमकतोय हो," मधल्या रांगेतून एक बाई म्हणाल्या. "आमच्या गच्चीवरून तर एवढासा दिसतो."

मिस्त्रींनी कागदावरून मान उचलली नाही. "इथे हवा स्वच्छ आहे," ते म्हणाले.

बाईंच्या घशात वाक्य चढून आलं. अख्खं, तयार, कर्त्याक्रियापदासकट. इतक्या वर्षांत घुमटाखाली एक चुकीचा तारा त्यांनी कोणाला दाखवला नव्हता, आणि आता शंभरएक माणसं आज घरी जाऊन गच्चीवर भलताच तारा शोधणार होती. तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि उठल्या.

खुर्च्यांच्या पाठी चाचपत त्या पुढे निघाल्या. कोणाच्या तरी पायावर पाय पडला.

"अहो, दिसत नाही का?"

दिसत नव्हतंच. माफ करा म्हणायचीही सोय नव्हती. त्या यंत्राच्या टेबलापर्यंत पोचल्या, मिस्त्रींचा उजवा हात धरला आणि उचलला.

"कोण आहे?" मिस्त्री माइकमध्ये म्हणाले. घुमटभर घुमलं. लोक हसले.

बाईंनी तो हात युगांच्या बटणावर नेऊन ठेवला. मिस्त्रींच्या बोटांना खडूची भुकटी लागली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि आकाश पाहिलं. माइकमध्ये एक लांब उसासा ऐकू आला. बटण दाबलं गेलं. मोटरीची घरघर सुरू झाली.

"मंडळी," मिस्त्री म्हणाले, आणि हे कागदावर नव्हतं. "एक सांगायचं राहिलं. आपण अजून परत आलेलो नाही."

"मग कुठे आहोत?" पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं. काठी जमिनीवर आपटून विचारलं.

"हिमयुगाच्या शेवटी. मी बटणच दाबलं नव्हतं."

"मग दाबा की."

"दाबलंय. पण वेळ लागतो. मोटर जुनी आहे."

"माझ्या गुडघ्यासारखी," आजोबा म्हणाले. "असू दे. आता घुमटात अडकलोच आहोत तर सांगा, हे मागे-पुढे होतं कशाने? मगाशी तुम्ही एवढं भराभर वाचलंत की माझ्या डोक्यावरून गेलं."

बाईंनी अंधारात मिस्त्रींच्या शर्टाची बाही धरली. कागदाचा आता उपयोग नव्हता. लाल दिव्यात मिस्त्रींना अक्षर दिसत नव्हतं, कारण चष्म्यावर घाम आला होता.

"भोवरा फिरवलाय का तुम्ही?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो तर."

"फिरता फिरता तो डोलतो. पृथ्वी डोलते तशी. एक डोलणं पुरं व्हायला सव्वीसेक हजार वर्षं. म्हणून हे तारे बदलतात. आणि म्हणूनच कधी ती सूर्याच्या सगळ्यात जवळ हिवाळ्यात असते, कधी उन्हाळ्यात."

"मग सगळी करामत भोवऱ्याची."

"नाही, एवढ्यावर भागत नाही. ती किती कललेली असते तेही कमीजास्त होतं. जास्त कलली की उन्हाळे कडक. सरळ झाली की उन्हाळे मऊ. आणि सूर्याभोवतीची वाट कधी गोल, कधी थोडी लांबट. तिन्ही आपापल्या तालात. तीन माणसं तीन वेगळ्या तालांत टाळ्या वाजवायला लागली तर मधूनच कधीतरी तिघांची एकदम पडते ना, तसं."

बाईंनी बाही सोडली. हे टाळ्यांचं त्यांचं नव्हतं.

"पण हे धक्के तसे बारीक," मिस्त्रींचा घसा आता मोकळा झाला होता. "बर्फ पांढरं असतं, ते ऊन परतवून लावतं, त्याने थंडी आणखी वाढते. समुद्र हवेतला कार्बन वायू पोटात ओढून घेतो, त्याने आणखी. म्हणजे ढकललं भोवऱ्याने आणि पुढे नेलं बर्फाने नि समुद्राने. शिवाय सूर्यावर डाग येतात, त्यांनीसुद्धा हिमयुगं..."

दंडाला चिमटा बसला.

"नाही, नाही," मिस्त्री घाईने म्हणाले. "डागांनी थोडंफार इकडेतिकडे होतं. हिमयुगाचं खापर त्यांच्यावर फोडू नये. ज्वालामुखी मोठा फुटला तरी वर्ष-दोन वर्षं गारवा, मग धूळ खाली बसते."

"तुम्ही 'नाही, नाही' कोणाला म्हणालात?"

"स्वतःला. आणि एक गोष्ट अजून कोणालाच नीट कळलेली नाही. फार पूर्वी हिमयुगं लवकर लवकर यायची. मग मधेच त्यांचा फेरा लांबला. का लांबला, त्यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे."

"मग माझं म्हणणं ऐका," आजोबा पुढे वाकले. "हे सगळं जर आपोआप फिरतं, तर आत्ता जे तापतंय तेही त्यातलंच. फिरेल आणि गार होईल. उगाच लोक घाबरवतात."

हा प्रश्न दर खेळाला यायचा, आणि दर खेळाला बाई उत्तर द्यायच्या, ते आवाज जरा खाली आणून. बाईंना ते उत्तर आता ओठांवर टोचत होतं. मिस्त्री कागदाकडे गेले नाहीत. ते वर बघत होते.

"आजोबा, ही मोटर किती पळवतेय बघा. मिनिटाला हजारो वर्षं. तरी आकाश कसं मुंगीच्या पावलाने सरकतंय. खरं आकाश असं पळत नाही. माझ्या आजोबांच्या जन्मापासून आजपर्यंत खरा ध्रुव एवढासाच हलला, डोळ्याला कळायचं नाही. पण तेवढ्याच काळात हवा तापली ती सगळ्यांना कळली. एवढ्या घाईचं काम युगांची मोटर करत नाही. दुसरंच कुठलं तरी बटण दाबलंय."

"कोणी?"

"आपण. कोळसा, तेल, धूर. आत्ता मला माझं चुकलेलं दाखवलं ना कोणीतरी हात धरून, तसं दाखवावं लागेल."

आजोबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "हात धरणारं माणूस चांगलं मिळालंय तुम्हाला."

अभिजित बाजूला ढळत गेला. उत्तरेवर, बाणाच्या टोकाशी, एक मध्यम, साधासा तारा येऊन थांबला आणि मोटरीची घरघर बंद झाली. मधल्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "हं, आता गच्चीवरचा वाटतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी माइक बंद केला आणि रुमालाने मान पुसली.

दिवे लागले तेव्हा बाई पाटी शोधत होत्या. पाटी शेवटच्या रांगेत राहिली होती. त्यांनी मिस्त्रींच्या कागदाच्या पाठीवरच लिहिलं, 'हवा स्वच्छ आहे?'

"सुचलं ते बोललो," मिस्त्री म्हणाले.

'बटण का नाही दाबलंत? वाक्य तर म्हणालात.'

मिस्त्रींनी विचार केला. "म्हणालो, पण ते मी म्हणालो ना. हाताला वाटलं असेल, हा कोण मला सांगणारा."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी गळा धरला, कारण हसण्याचीही मनाई होती.

डॉक्टरांकडे जायच्या सकाळी लेक बाईंपेक्षा जास्त घाबरलेली होती. तिने पिशवीत तीन पाण्याच्या बाटल्या भरल्या. बाईंनी पाटीवर लिहिलं, 'सहलीला चाललोय का?' दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंना एकटीला आत घेतलं. लेक बाहेर, दाराला जवळजवळ कान लावून. आतून भांड्यांचा आवाज, डॉक्टरांचं बोलणं, मग काहीच नाही. आयुष्यभर आईला 'अगं जरा हळू' म्हणणारी ती मुलगी आता श्वास रोखून एका अक्षराची वाट बघत होती.

"आ," आतून आलं.

फाटकं होतं. मधेच तुटलं. पुन्हा आलं, "आ," आणि या वेळी टिकलं. जाडसर, पोतं जमिनीवर ओढावं तसं खरखरीत, पण टिकलं. लेकीने पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसून घेतलं.

दार उघडलं. "जखम छान भरलीय," डॉक्टर म्हणाल्या. "थोडी खरखर राहील. कदाचित कायमची. सुरुवातीला दिवसातून थोडंच बोलायचं, मोजकं. घुमटाखाली उभं राहायला हरकत नाही, पण पुढच्या महिन्यापासून. आणि माइक लावून."

"माइक," बाई म्हणाल्या. हा त्यांचा पहिला खरा शब्द. तो त्यांनी अशा काही तोंडाने म्हटला की डॉक्टरसुद्धा हसल्या. लेक हसता हसता रडायला लागली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं आहे ना गं मी," त्या म्हणाल्या. "खरखरीत आहे, पण आहे ना."

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी तारांगणात फोन लावायला सांगितला. मिस्त्रींनी उचलला.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हणजे?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग मिस्त्रींचा उसासा, घुमटात ऐकला होता तसाच लांब. "आलात तर परत," ते म्हणाले. "आवाज जरा जाड झालाय."

"राहील तसाच, म्हणाल्या."

"राहू दे. हिमयुगाला शोभेल." आणि मग, फोन ठेवतील असं वाटत असताना, मिस्त्री म्हणाले, "ते काठीवाले आजोबा कालच्या रविवारी पुन्हा आले होते. नातवंडांना घेऊन. म्हणाले, बर्फ वितळलं तेव्हा समुद्र किती चढला ते सांगा. तर मी काय सांगितलं..."

आणि मिस्त्री सांगत सुटले. समुद्राचं झालं, मग किनाऱ्यावरच्या माणसांचं, मग मधल्या रांगेतल्या बाईंनी गच्चीवरून ध्रुव बघितला त्याचं. बाईंनी दोनदा तोंड उघडलं. मधे फट सापडली नाही. लेक समोर उभी राहून बोटांनी खुणा करत होती, आई, शब्द पुरवून वापर. बाईंनी फोन कानाला तसाच धरून खुर्ची ओढली, बसल्या, पाय वर घेतले, आणि म्हणाल्या, "हं. मग?"

त्या दिवसाचा त्यांचा बोलण्याचा उरलेला वाटा 'हं' आणि 'मग'मध्येच संपला.